हवालदार माशाच्या गावाला: कोल्हापूर ते मालवण, चार दिवस

गुरुवार रात्र, राजारामपुरी

आधीच सांगून टाकतो, ही ट्रिप एका माशामुळं झाली आणि तो मासा खायचा नाही. आमच्या हॉलमध्ये अडीच फुटी खाऱ्या पाण्याचा टँक आहे, त्यात सध्या एकच मासा आहे, आणि एकच का, तर दुसरा कुणी त्यानं राहूच दिला नाही. तीन वर्षांपूर्वी नवा टँक लावला तेव्हा दुकानदार म्हणला, पहिला डॅमसेल टाका, तो मरत नाही, टँक सेट व्हायला बरा पडतो. आता कळतंय की ती जुनी पद्धत आहे. नव्या टँकमध्ये अमोनिया वाढतो, तो पचवणारे बॅक्टेरिया तयार व्हायला काही आठवडे लागतात, तोवर एखादा चिवट मासा बळीचा बकरा म्हणून आत सोडायचा. हल्ली लोक बाटलीतला अमोनिया वापरतात, माशाला त्रास नाही. पण तेव्हा मला काय कळतंय, घेतला. दीड इंचाचं पिल्लू, पांढरं अंग, पाठीवर पिवळसर झाक, आणि वरून खाली पाच काळे पट्टे. दिसायला एवढं गोड की बायको म्हणली अजून चार आणा.

बरं झालं नाही आणले. नंतर क्लाऊनची जोडी आणली, नारिंगी-पांढरे, पोरांना आवडतात ते, हे पण डॅमसेलच्याच घराण्यातले म्हणजे भावकीच झाली. तर भावकीत जे होतं तेच झालं. महिनाभर त्यानं त्यांना कोपऱ्यात कोंडून ठेवलं, एकानं रात्री टँकबाहेर उडी मारली, सकाळी फरशीवर सापडला. दुसरा मी दुकानात परत देऊन आलो. इंग्रजीत डॅमसेल म्हणजे कुमारिका म्हणे. नाव कुमारिकेचं आणि वागणं तालमीतल्या खलिफाचं.

त्याचं नाव हवालदार, हे मामांनी ठेवलं. मामा आमचे मराठा लाइट इन्फंट्रीतनं हवालदार म्हणून रिटायर झालेत, राहायला कसबा बावड्यात, दर रविवारी आमच्याकडं मटणाला असतात. मी एकदा सांगितलं की या माशाला इंग्रजीत सार्जंट मेजर म्हणतात, पट्ट्यांमुळं, फौजेतल्या फितीसारखे दिसतात म्हणून. मामा टँकजवळ गेले, बोटानं मोजले आणि म्हणाले, "मला वीस वर्षं घासून तीन मिळाल्या, ह्याला पाच कुणी दिल्या रं?" तेव्हापासून हवालदार.

तर आज रात्री निघायची तयारी चाललेली, सकाळी लवकर मालवणला जायचं, मी, मामा आणि मामांचा धाकटा (इंजिनिअरिंगला आहे, कॅमेरा घेतलाय नवीन पाण्यातला, तो दाखवायला कारण पाहिजेच होतं). आणि मामा आले ते पांढरी झाकणाची बादली घेऊन. म्हणलं हे काय. तर म्हणाले, "हवालदाराला गावी सोडून येऊया की. किती दिवस एकटा ठेवणार त्याला?"

आता मामांना नाही म्हणायचं म्हणजे अवघड काम. पण नाही म्हणलं. एक तर तो कुठल्या समुद्रातनं आलाय हे दुकानदारालाच माहीत नाही. ही जात लाल समुद्र आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून पार पॅसिफिकच्या मधल्या बेटांपर्यंत पसरलीय, आमचा हवालदार मालवणचाच कशावरनं? दुसरं म्हणजे टँकमध्ये राहिलेल्या माशाबरोबर कुठला रोग जाईल सांगता येत नाही. आणि मामांना पटलं ते तिसरं, हवाईचं. हवाई बेटांवर हा मासा मुळात नव्हता. १९९० च्या दशकात तिथं दिसायला लागला, तुटलेली मासेमारीची जाळी समुद्रात तरंगत फिरतात त्यांच्या सावलीला पिल्लं राहतात, तशीच तरंगत आली असावीत असं मानतात. आणि तिथं त्याचा एक स्थानिक भाऊबंद आहे, मामो म्हणतात त्याला, त्याच्याशी याचा संकर व्हायला लागला. म्हणजे आता तिथं निम्मे असले निम्मे तसले पण सापडतात.

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग "म्हणजे बदलीचे कागद नसताना जायचं न्हाई" एवढं म्हणून बादली बाल्कनीत ठेवून दिली. हवालदाराला बायकोच्या ताब्यात दिलाय, दिवसातनं एकदा चिमूटभर खाणं, आणि पाण्याची पातळी खाली गेली तर आरओचं साधं पाणी टाकायचं, मिठाचं नाही, कारण पाणी उडतं, मीठ उडत नाही. हे तीनदा सांगितलं. तिनं तिसऱ्यांदा ज्या नजरेनं बघितलं त्यानंतर चौथ्यांदा सांगितलं नाही.

शुक्रवार

सकाळी सहाला रंकाळ्यावरनं निघालो. गगनबावड्यावरनं जायचं का राधानगरीवरनं यावर धाकटा आणि मामा यांच्यात क्रशर चौकापर्यंत वाद, शेवटी राधानगरी. फेब्रुवारी म्हणजे ऊसाचा सीझन संपत आलेला तरी ट्रॉल्या आहेतच, पुईखडीच्या चढाला दोन ट्रॉल्यांच्या मागं अडकलो आणि परित्यापर्यंत बहुतेक सगळा वेळ ऊसाचे शेंडेच बघितले. पण त्यानं एक विषय निघाला. मी सांगत होतो की डॅमसेलच्या घराण्यात जवळपास ४०० जाती आहेत आणि त्यातले काही चक्क शेती करतात, म्हणजे खडकावरचा एक तुकडा धरायचा, त्यावर आपल्याला पाहिजे ते शेवाळ वाढू द्यायचं, नको ते उपटून बाहेर टाकायचं आणि बांधावर दुसरा कुणी आला की अंगावर जायचं, मग तो आपल्यापेक्षा दहापट मोठा असो. मामा म्हणाले, "मग बांध कोरत असतील की." कोरतात का माहीत नाही पण भांडणं अगदी तसलीच. आमचा हवालदार मात्र शेतकरी नाही. तो आणि त्याची जमात घोळका करून पाण्यात मध्यावर तरंगत असते आणि वाहत येणारे बारीक जीव टिपत असते, सोबत शेवाळ, बारीकसारीक किडे, जे मिळेल ते.

राधानगरीला शाहू महाराजांच्या धरणापाशी चहा. दाजीपूरच्या जंगलात गवे दिसतील म्हणून धाकट्यानं कॅमेरा बाहेर काढून ठेवलेला, एक पण दिसला नाही. फोंडा घाट उतरला की हवा बदलते, खिडकीतनं दमटपणा आत येतो आणि भूक लागते, हे आमच्याकडच्या सगळ्यांचं होतं. कणकवली, कसाल, मालवण. बाराच्या आत थाळीपुढं. बांगडा, सुरमई, सोलकढी. मामांनी सोलकढीचा वास घेऊन पांढरा रस्सा आहे काय विचारलं, मालकिणीला राग आला नाही हे नशीब.

संध्याकाळी रॉक गार्डन. खरं तर टाइमपास म्हणून गेलेलो, लोक तिथं सनसेट बघतात, फोटो काढतात. पण ओहोटी होती आणि खडकांच्या खळग्यांत पाणी साठलेलं, गुडघाभर पण नाही. मी सहज वाकून बघितलं तर आत पट्टे हललेत. एकदम नखाएवढी पिल्लं, सात-आठ, पाचही पट्टे ठळक. मी ओरडलोच. आजूबाजूला सेल्फी घेणाऱ्यांना वाटलं मोबाईल पडला.

हे मला वाचून माहीत होतं पण बघितलं पहिल्यांदा. यांची अंडी फुटली की पिल्लं किनाऱ्याला राहत नाहीत, उघड्या समुद्रात प्रवाहाबरोबर दोन-तीन आठवडे भटकतात, काचेसारखी पारदर्शक, वाचली तर वाचली. मग जी किनाऱ्याला लागतात त्यांच्या अंगावर पट्टे चढतात आणि बरीचशी अशा खळग्यांत वाढतात, मोठे मासे तिथं येत नाहीत. मामा खडकावर उकिडवे बसले आणि म्हणाले, "ही रिक्रूट." अंधार पडेपर्यंत उठले नाहीत. धाकटा तीनदा चला म्हणला. शेवटी पाणी चढायला लागलं तेव्हा उठले, कारण चप्पल भिजली.

शनिवार

आजचा दिवस थोडक्यात सांगतो कारण डोकं फिरलं.

सकाळी दहाचं स्नॉर्केलिंगचं बुकिंग होतं, कोणाकडं ते सांगत नाही. एका बोटीत बावीस माणसं, लाइफ जॅकेट ओली, मास्क आधीच्या ग्रुपनं घालून दिलेला तसाच आमच्या हातात. किल्ल्याच्या मागच्या अंगाला बोट लावली, तिथं आधीच सात-आठ बोटी. पाण्यात उतरलं की दोन मिनिटांत एक पोरगा आला आणि त्यानं माझ्या तोंडापुढं ब्रेडचा स्लाइस कुस्करला. आणि झालं, हवालदारांची पलटण! शंभर तरी असतील, हातावर, मास्कवर, कानाजवळ. दुसरा पोरगा खालनं व्हिडिओ काढतोय. ब्रेड संपला, पलटण पुढच्या गिऱ्हाईकाकडं. मला वर ओढलं, "झालं सर, नेक्स्ट."

व्हिडिओ भारी आला हे मान्य. पण हे मासे बघणं नव्हे. म्हणजे रंकाळ्यावर कबुतरांना दाणे टाकल्यासारखं. त्या गर्दीत दुसरा मासाच दिसत नाही, हेच पाव खायला पुढं असतात, चिवट आणि दांडगे, बाकीचे लांब पळतात. आणि पाव काय माशाचं खाणं आहे का? खाली एक गोल प्रवाळ होता, मेंदूसारख्या वळ्यांचा, त्यावर कुणाचातरी नांगर घासून पांढरी रेघ गेलेली. १९८७ साली इथं सागरी अभयारण्य जाहीर झालंय, जवळपास २९ चौरस किलोमीटरचं. मी बोटीत कुणालातरी ते बोललो तर तो म्हणला, हो का, मग वाघ वगैरे?

मामा तर पाण्यात उतरलेच नाहीत. त्यांना पोहता येतं, पंचगंगेत पोहलेला माणूस आहे, पण समुद्र नको म्हणाले. नंतर हळूच सांगितलं की मास्क लावल्यावर जीव घाबरा झाला. वीस वर्षं फौजेत काढलेला माणूस हे बोलतोय म्हणल्यावर मी पण हसलो नाही. धाकटा हसला.

दुपारी सिंधुदुर्गावर. बोटीनं गेलो, ४८ एकराचा किल्ला, बांधकाम १६६४ ला सुरू होऊन १६६७ ला संपलं, तटाच्या पायात शिसं ओतलंय. शिवराजेश्वराच्या देवळात मामा बराच वेळ उभे. चोहोबाजूला खारं पाणी आणि आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी, आपण इथं अडीच फुटात मीठ सांभाळताना मेटाकुटीला येतो. आणि आपल्याकडच्या बऱ्याच जणांना माहीत नसतं की हा किल्ला पुढं करवीरच्या गादीकडं होता. १७६५ ला इंग्रजांनी घेतला, फोर्ट ऑगस्टस असं नाव ठेवलं, मग परत दिला, आणि १८१२ च्या तहात मालवण कायमचं त्यांच्याकडं गेलं. मामा म्हणाले, "म्हणजे आपल्याच गावात तिकीट काढून आलोय."

परत येताना जेट्टीवर एक वयस्क बोटवाले काका भेटले. जाळं विणत बसलेले. मी सकाळचं गाऱ्हाणं सांगितलं. ते म्हणाले, "धा वाजता जातास तर गर्दी आसतलीच. फाटफटी येवा, सात वाजता. वारो नसता तेवा." पैसे ठरले. मी म्हणलं ब्रेड नको. त्यांनी माझ्याकडं बघितलं, "मगे मासे कशे येतले?" म्हणलं आम्हीच त्यांच्याकडं जाऊ.

रविवार

साडेसहाला जेट्टीवर. वारं शून्य, समुद्र तेलासारखा. छोटी होडी, आम्ही तिघं आणि काका. किल्ल्याच्या बाहेरच्या बाजूला खडकांची एक रांग आहे तिथं काकांनी खडकाला दोर अडकवला, नांगर टाकला नाही, हे बघून मला माणूस आवडला. खोली दोन-तीन पुरुष.

मामांसाठी रबरी रिंग आणलेली. त्यांना म्हणलं पाण्यात पूर्ण नका उतरू, रिंग धरून नुसतं तोंड खाली घाला, श्वास नळीतनं, घाई नाही. पहिल्यांदा तोंड घातलं आणि तीन सेकंदात वर. दुसऱ्यांदा दहा सेकंद. तिसऱ्यांदा घातलं ते वर काढेचनात, मला काळजी वाटली म्हणून जवळ गेलो तर एका हातानं खुणावतायत की बाजूला हो, दिसत नाही.

आता खाली काय होतं ते सांगतो. सकाळचं तिरकं ऊन, पाणी हिरवट पण स्वच्छ, सात-आठ मीटरपर्यंत तरी दिसत होतं, मालवणात याला नशीब लागतं. खडकांवर प्रवाळाचे गोळे आणि पसरट थाळ्या. एक पोपटमासा कुरुम कुरुम प्रवाळ खरवडतोय, तो आवाज खरंच ऐकू येतो. फुलपाखरू मासे जोडीनं. आणि वरच्या अंगाला तीस-चाळीस हवालदारांचा घोळका, पाव नाही काय नाही, प्रवाहाकडं तोंड करून एका जागी तरंगत, मधेच एखादा पुढं सरकून काहीतरी टिपतोय. तळहाताएवढे, मोठ्यात मोठा वीतभर. मी पट्टे मोजले, पाच. काठाजवळ दुसरे पण होते, राखाडी अंगाचे, पट्टे बारीक आणि सहा-सात, ते बंगाल सार्जंट. एकाच कुळातले, दुसरी कंपनी.

या कुळाचं शास्त्रीय नाव अबुडेफडुफ. म्हणून बघा मोठ्यानं, जीभ अडकते. पीटर फोर्सकाल नावाचा स्वीडिश अभ्यासक होता, प्राणी-वनस्पतींना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत बसवणाऱ्या लिनियसचा शिष्य, डेन्मार्कच्या राजानं अरबस्तानात पाठवलेल्या मोहिमेत तो होता, लाल समुद्राच्या काठावर त्यानं लोकांच्या तोंडातलं अरबी नाव तसंच उचललं. १७६३ ला येमेनमध्ये मलेरियानं गेला. त्याचं लिखाण मोहिमेतनं जिवंत परतलेल्या कार्स्टन नीबूरनं १७७५ ला छापलं. आणि हा नीबूर मधे मुंबईत येऊन राहिलेला, घारापुरीच्या लेण्यांची मापं आणि चित्रं काढून गेला. आमच्या पाचपट्टीवाल्याचं उरलेलं अर्धं नाव व्हेजिएन्सिस, ते वायगेओ बेटावरनं आलं, इंडोनेशियात आहे. क्वॉय आणि गेमार या दोन फ्रेंच जहाजी डॉक्टरांनी १८२५ ला ठेवलं. त्यांचं जहाज परत येताना फॉकलंड बेटांजवळ फुटलं, जमवलेले बरेच नमुने बुडाले. एका माशाच्या नावापायी केवढी ही धावपळ, आणि आपण त्याला झेब्रा म्हणून मोकळे.

तर मुख्य गोष्ट. खडकाच्या एका उभ्या अंगावर मला जांभळट लाल डाग दिसला, दोन तळहात होतील एवढा, मखमलीसारखा. आणि त्याच्यापुढं एक मासा, पण याचा रंग वेगळा, पांढऱ्याच्या जागी निळसर काळपट झालेला, पट्टे नीट कळत नव्हते. मी हात वर करून मामांना खूण केली, ते पण वरनं बघतच होते. ती अंडी होती. या जातीत आधी नर खडक साफ करतो, एकेक कचरा तोंडानं उचलून लांब टाकतो, मग मादी येऊन अंडी चिकटवते आणि निघून जाते. पुढचं सगळं नराचं काम. परांनी वारं घालायचं म्हणजे अंड्यांना ताजं पाणी मिळतं, खराब झालेली काढून टाकायची, आणि जो जवळ येईल त्याला हाकलायचं. निळसर रंग पण त्या काळातलाच, म्हणजे गार्ड ड्युटीचा युनिफॉर्म समजा.

आणि खरंच तो थांबत नव्हता. डावीकडं जा, उजवीकडं जा, परत डागापाशी ये, पंखा मार, परत जा. लांब अंगाचे हिरवट मासे, इंग्रजीत रास म्हणतात त्यांना, चार-पाच जण खालच्या खडकाआड टपून बसलेले, ते इंचभर पुढं आले की हा अंगावर.

इथं आमच्या धाकट्यानं घाण केली. त्याला क्लोजअप पाहिजे होता. कॅमेरा पुढं करून पार डागाला भिडला. नर आला आणि सरळ त्याच्या मास्कच्या काचेवर धडकला, एकदा, दोनदा, मग बोटाला चावला. चावतो म्हणजे रक्त नाही निघत पण दचकायला होतं. धाकट्याला मजा वाटली, तो हात हलवून त्याला अजून चिडवायला लागला, आणि नर त्याच्या मागं हातभर बाहेर आला. तेवढ्यात पाठीमागनं ते रास डागावर तुटून पडले. चार-पाच सेकंद असतील, बकाबका.

आणि वरनं मामांचा आवाज. नळीतनं ओरडले. काय ओरडले ते कळलं नाही, पण पाण्याखाली आम्हाला ऐकू आलं, बैल डरकल्यासारखं. नळीत पाणी गेलं, ठसका लागला, तरी रिंग सोडली नाही आणि हातानं धाकट्याला "मागं हो, मागं" चाललेलं. धाकटा घाबरून मागं झाला. नर वळला, पाचही जणांना एका झपाट्यात हाकललं. डागाच्या एका कडेला रुपयाएवढी जागा उघडी पडलेली. तो तिथं क्षणभर थांबल्यासारखा वाटला मला, मग परत पंखा मारायला लागला.

होडीत चढल्यावर मामांनी धाकट्याला जे झापलं ते सगळं इथं लिहिता येणार नाही. लिहिण्याजोगं एवढंच, "संत्रीला पोस्ट सोडायला लावलीस तू." धाकटा म्हणला, "पप्पा, मासाय तो." मामा काही बोलले नाहीत. काकांनी डब्यातनं घावणे काढून दिले, ते खाल्ले. मग थोड्या वेळानं मामाच पाण्याकडं बघत म्हणाले, "थोरला झाला तवा मी राजौरीत होतो. सात महिन्यांनी बघितला." धाकट्यानं हे आधी ऐकलेलं असणार, पण तो पण खाली बघत बसला.

मी विषय बदलायचा म्हणून सांगितलं की अबुडेफडुफ मधलं अबू म्हणजे अरबीत बाप. मामांना ते एकदम पसंत पडलं, दोनदा म्हणून बघितलं. एक गोष्ट मात्र मी सांगितली नाही. या घराण्यातले बाप कधीकधी आपलीच अंडी खाऊन टाकतात, अंड्यांचा घाणा थोडा असला आणि राखायला परवडेना की. हे मी वाचलंय. सकाळ चांगली चाललेली, कशाला.

मामा परत तोंड घालून बसले, काका दहाला निघू म्हणत होते, आम्ही साडेदहाला निघालो. त्या वेळेत त्यांनी मोजलं म्हणे, अर्ध्या तासात सत्तावीस वेळा तो कुणाच्यातरी अंगावर गेला आणि एकदा पण काही खाताना दिसला नाही. जाताना काकांनी विचारलं, "ब्रेडाशिवाय दिसले मां?" आणि स्वतःच हसले. लांबनं दहाच्या बोटी येताना दिसत होत्या, पहिल्या बोटीवर गाणं लावलेलं.

संध्याकाळी चिवला बीच, मामांची पाठ भाजून लाल झालेली, दोन तास उपडं तरंगल्यावर दुसरं काय होणार. दुकानातनं खोबरेल आणून चोळलं.

सोमवार

सकाळी खाजं, कोकम आणि मामींसाठी सुके बांगडे घेतले, गाडीला तो वास पुढचे पंधरा दिवस राहणार. परत फोंडा घाटानंच. दाजीपूरला गवा दिसला, या वेळी कॅमेरा डिकीत बॅगेखाली. धाकट्यानं रात्री व्हिडिओ बघितला होता, अंडी खाल्ल्याचा भाग पण आलाय त्यात स्पष्ट. टाकू का म्हणला. मामा म्हणाले टाक, पण खाली लिही तुझ्यामुळं झालं म्हणून. अजून तरी टाकलेला नाही.

चारला राजारामपुरीत. मामा कसबा बावड्याला न जाता आधी आमच्याकडं वर आले. टँकचं पाणी बरोबर पातळीला, बायकोनं चिठ्ठी चिकटवलेली, "साधंच टाकलंय." हवालदार काचेपाशी आला, मामांनी बोट लावलं, त्यानं काचेवर धडक मारली, नेहमीसारखी. मामा खुर्ची ओढून बसले. चहा गार झाला.

"ह्यो नर का मादी?"

म्हणलं नुसतं बघून कळत नाही.

"जागा कमी पडतीया त्याला," मामा म्हणाले. मग उठून हॉलची भिंत वितीनं मोजली. चार फुटी टँक बसतो म्हणाले, सोफा पलीकडं सरकवला तर, आणि अर्धे पैसे ते देणार. मी म्हणलं साठ-सत्तर हजारांच्या घरात जातंय सगळं मिळून. तर म्हणाले मामीला इतक्यात बोलू नको. सोफ्याचं आमच्या घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही.